लोकगायक प्रल्हाद शिंदे : भक्तिगीतांपलीकडचा कव्वाल

२३ जून हा लोकगायक प्रल्हाद शिंदे यांचा स्मृतिदिन. २००४ साली ते गेले. त्याआधी चाळीस दिवसांच्या आत, १५ मे २००४ रोजी, लोककवी वामनदादा कर्डक गेले होते. आंबेडकरी गाण्यातली दोन मोठी माणसे आपण एकाच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर गमावली. वामनदादांची जयंती आणि स्मृतिदिन आपल्या विहारांतून, वाचनालयांतून साजरे होतात. प्रल्हाद शिंदे यांचे नाव निघाले की मात्र आपले कार्यकर्ते थोडे अवघडतात.

कारण उघड आहे. उरलेला महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो विठ्ठलाच्या, गणपतीच्या, अंबाबाईच्या आणि सत्यनारायणाच्या गाण्यांसाठी. त्यांचा स्मृतिदिन आणि आषाढीची वारी साधारण एकाच सुमारास येते. त्या दिवसांत कल्याण स्टेशनच्या बाहेर, डोंबिवलीच्या सोसायट्यांत, ठाण्याच्या बाजारात, रिक्षात, कुठेही गेलात तरी हाच खडा आवाज कानावर पडतो.

आम्ही ठाणे, कल्याण पूर्व, डोंबिवली आणि उल्हासनगर या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. रविवारच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न हमखास येतो. मागे बारावीतल्या एका मुलीने सरळ विचारले, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला माणूस सत्यनारायणाची कथा कशी गातो?" वर्गात बसलेल्या एका आजोबांनी उत्तर दिले, "पोटासाठी गायला, पोरी. अजून काय?" दुसरा कार्यकर्ता म्हणाला, "विठ्ठल म्हणजे बुद्धच, मग बिघडलं कुठे?" दोन्ही उत्तरांनी त्या मुलीचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नाही. म्हणून प्रल्हाद शिंदे यांच्या कारकिर्दीची माहिती एका जागी मांडावी असे ठरवले.

मंगळवेढ्याची वाट

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. शिंदे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. हे गाव आपल्याला दुसऱ्या एका नावाने ठाऊक असायला हवे. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला, तो याच गावात, १३३८ साली. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, पण देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला होता.

मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर. त्या देवळाचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. तेव्हा प्रल्हाद चौदा वर्षांचा मुलगा होता. म्हणजे ज्या माणसाचे 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गाणे आज वारीची ओळख होऊन बसले आहे, त्या माणसाचे सगळे बालपण त्या देवळात जाण्याची बंदी असलेल्या काळात गेले. भक्तिगीतांच्या कार्यक्रमात निवेदक त्यांच्या आवाजाची भरपूर तारीफ करतात. ही गोष्ट मात्र आम्ही आजवर एकाही निवेदकाच्या तोंडून ऐकलेली नाही.

घरात गाणे होते. आईवडील गाऊन पोट भरणारे. समाजशास्त्राच्या पुस्तकात जातीची श्रमविभागणी शिकताना आपण चामडे, झाडू, ताराळकी एवढेच लक्षात ठेवतो. गाणे आणि वाजवणे हेसुद्धा आपल्या महाराष्ट्रात जातीने वाटून दिलेले काम होते. दारोदार, जत्रेत, लग्नाच्या मांडवाबाहेर गाणारा एक आणि बैठकीत गाणारा दुसरा. पहिल्याला मूठभर धान्य, दुसऱ्याला पंडित ही पदवी. प्रल्हाद शिंदे यांचा गळा पहिल्या परंपरेत घडला. स्वर वरचा, माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा, शब्दावर जोर देणारा. हा आवाज रियाजाच्या खोलीत तयार होत नाही, मैदानात तयार होतो.

कव्वालीचा काळ

मुंबईत त्यांची घडण झाली ती कव्वालीच्या मंचावर. आजच्या तरुणांना कव्वाली म्हटले की दर्गा किंवा हिंदी सिनेमा आठवतो. पण साठच्या दशकापासून पुढची दोन-तीन दशके मुंबई, ठाणे आणि कल्याणच्या बौद्ध वस्त्यांमध्ये जयंतीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे कव्वालीचा मुकाबला असायचा. त्या काळी कव्वालीत इस्माईल आझाद यांच्या नावाचा दबदबा होता. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या त्यांच्या कव्वालीने तर देशभर धुमाकूळ घातला. त्या गायकीचा ठसा मुंबईतल्या मराठी कव्वालांवर पडला आणि प्रल्हाद शिंदे यांच्या तानांमध्ये, टाळीवर उचललेल्या मुखड्यांमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो.

मुकाबला कसा चालायचा ते पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्या. मैदानात एकच मोठा मंच, त्यावर दोन पार्ट्या. प्रत्येक पार्टीत मुख्य गायक किंवा गायिका, हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि मागे टाळी देणारा कोरस. सुरुवात बुद्धवंदनेने आणि बाबासाहेबांच्या गीताने. मग सवाल-जबाब. एका पार्टीने गाण्यातून प्रश्न टाकायचा आणि दुसरीने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. प्रश्न कधी बाबासाहेबांच्या चरित्रातला, कधी बुद्धाच्या गृहत्यागाचा, कधी घरातल्या सासू-सुनेचा. पार्टीचा कवी मागे बसून कागदाच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायचा. लोक दहाची, वीसची नोट घेऊन मंचावर जायचे आणि देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारले जायचे. नाव पुकारले जाणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. दिवसभर कारखान्यात ज्याला मुकादम 'ए' म्हणून हाक मारायचा, त्याचे नाव रात्री हजार माणसांसमोर आदराने घेतले जायचे.

आपल्या समाजाने कव्वालीच का उचलली, याचा विचार फारसा झालेला नाही. आमचे मत असे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर समाजाने जागरण, गोंधळ, देवीची गाणी, पोतराज हे सगळे सोडले. सोडणे बरोबरच होते. पण गाणारे गळे आणि वाजवणारे हात होते तिथेच होते. आधीच्या आंबेडकरी जलशांचा फॉर्म तमाशाच्या वळणाचा होता आणि शहरातल्या नव्या पिढीला तो जुना वाटू लागला होता. शेजारच्या मोहल्ल्यात कव्वाली होती. तिच्यात हिंदू देव नव्हते, रात्रभर माणसे धरून ठेवण्याची ताकद होती आणि वाद घालण्याची सोय होती. प्रबोधनाला ती चपखल बसली. बौद्ध आणि मुस्लिम वस्त्यांमधली ही सांस्कृतिक देवाणघेवाण आज विसरली गेली आहे. ती आठवणीत ठेवायची तर प्रल्हाद शिंदे, कृष्णा शिंदे, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप या नावांशिवाय ती आठवता येणार नाही.

आमच्या भागात या गाण्याला श्रोता कुठून आला तेही सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर इथून निघालेली कुटुंबे कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, ठाण्याचे वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी या पट्ट्यात येऊन राहिली. पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागची कितीतरी घरे याच बाजूला सरकली. गावाकडचा आवाज आणि शहरातला ठेका एकत्र हवा असलेला हा श्रोता होता. डोंबिवली-कल्याणच्या सांस्कृतिक इतिहासावर लिहिले जाते तेव्हा १९२६ पासूनच्या कल्याण गायन समाजाचा आणि नाट्यसंगीताच्या मैफलींचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या अंगाला रात्रभर चाललेल्या मुकाबल्यांना मात्र त्या लिखाणात जागा मिळत नाही.

भक्तिगीतांचा बाजार

कव्वालीने नाव मिळाले. पण कव्वालीचा हंगाम एप्रिल-मेचा. बारा महिने घर चालवायचे तर रेकॉर्ड कंपनीकडे जावे लागे, आणि कंपनीला विकायला हवी होती भक्तिगीते. आधी तबकड्या, ऐंशीच्या दशकात कॅसेट. कॅसेट स्वस्त होती, टेपरेकॉर्डर चाळीच्या खोलीत पोहोचला होता, आणि गणेशोत्सव, नवरात्र, आषाढी, सत्यनारायण या प्रत्येक निमित्ताला मांडवात लावायला गाणी हवी होती. घराघरात ओळखता येईल असा आवाज हवा होता. तो प्रल्हाद शिंदे यांचा निघाला.

'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गीत दत्ता पाटील यांचे, संगीत मधुकर पाठक यांचे. गणपतीतले 'तूच सुखकर्ता तूच दुखहर्ता' हेही मधुकर पाठक यांच्याच संगीतातले, पण त्याचे गीतकार आहेत हरेंद्र जाधव. २३ जानेवारी २०२२ रोजी वारलेले हरेंद्र जाधव म्हणजे भीमगीतांचे मोठे कवी, पेशाने शिक्षक. म्हणजे दरवर्षी भाद्रपदात लालबागपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक मांडवात जे गाणे वाजते, त्याचे शब्द एका भीमगीतकाराचे आणि गळा एका बौद्ध कव्वालाचा. हे वाक्य आम्ही अभ्यासवर्गात सांगितले तेव्हा मुले आधी हसली आणि मग गप्प झाली.

या व्यवहारात कलावंताला काय मिळायचे? त्या काळातली सर्रास पद्धत अशी, की गायकाला आणि कवीला एकरकमी मानधन द्यायचे, एका कागदावर सही घ्यायची आणि विषय संपला. कॅसेट हजार खपो की लाख, पुढचा पैसा कंपनीचा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचा, म्हणजे सादरकर्त्याचा, वेगळा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क आला २०१२ च्या दुरुस्तीने. गायकांची रॉयल्टी गोळा करणारी 'इस्रा' ही संस्था २०१३ मधली. प्रल्हाद शिंदे २००४ सालीच गेले होते. ज्यांच्या गळ्यावर हा बाजार उभा राहिला, त्यांच्या पिढीला हा कायदा उपयोगी पडला नाही.

मग प्रतिज्ञांचे काय?

इथे आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. पहिले उत्तर, पोटासाठी. ते खरे आहे, पण ते अपुरे आहे आणि त्यात एक छुपा अपमान आहे. जणू काही माणूस नाइलाजाने, मन न लावता गात होता. त्यांची भक्तिगीते ऐका. ती मन लावूनच गायलेली आहेत. कामगार आपले काम जीव ओतून करतो, म्हणून कारखाना त्याचा होत नाही आणि मालकाचे विचारही त्याचे होत नाहीत.

दुसरे उत्तर, विठ्ठल म्हणजे बुद्ध. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या बुद्धविहारात मूर्तीची स्थापना करताना पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे मत बाबासाहेबांनी मांडले होते आणि त्यावर पुस्तक लिहिण्याचा मनोदयही बोलून दाखवला होता. ते पुस्तक लिहायचे राहिले. हा संशोधनाचा विषय आहे आणि त्यावर जरूर काम व्हावे. पण गायकाच्या बचावासाठी तो वापरणे आम्हाला पटत नाही. समजा, विठ्ठलाची गाणी अशी सोडवली. सत्यनारायणाच्या कथेचे काय करणार? 'ऐका सत्यनारायणाची कथा' हे गाणे नव्या वर्षाच्या सुरुवातीला सोसायटीच्या गेटपासून सरकारी कचेरीपर्यंत वाजते. सत्यशोधकांपासून आपण ज्या कर्मकांडाला विरोध करत आलो, त्याच्याच प्रचाराला या आवाजाने बळ दिले. हे लपवून श्रद्धांजली वाहण्यात अर्थ नाही.

धम्माच्या अंगाने पाहिले तर? सम्यक आजीविकेविषयी बोलताना अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात गाणे नाही. पण संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची गोष्ट आहे. लोकांचे मनोरंजन करणाऱ्या नटाला पुढे कोणती गती मिळते, असे तो भगवंतांना विचारतो. भगवंत दोनदा टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की प्रेक्षकांमधले राग, द्वेष आणि मोह वाढवणाऱ्याची गती वाईटच आहे. तालपुट रडतो आणि पुढे भिक्खू होतो. तेव्हा सुत्तांतून कुणाला सरसकट माफीपत्रही मिळत नाही आणि शिक्षेचा हुकूमही मिळत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की त्या गाण्याने ऐकणाऱ्यात काय वाढवले. त्याचे उत्तर प्रत्येक गाण्यागणिक वेगळे येईल.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. आपल्यातले जे तरुण त्यांना नावे ठेवतात, त्यातले कितीतरी जण इव्हेंट कंपनीत गणपतीची सजावट करतात, बँकेत दसऱ्याच्या पूजेला उभे राहतात, मंदिराच्या ट्रस्टचे हिशेब लिहितात. त्यांना नोकरी माफ आणि गायकाला नाही, असे का? गायकाचे काम सगळ्यांना ऐकू येते म्हणून?

पुढच्या दोन पिढ्या

आनंद, मिलिंद आणि दिनकर या मुलांनी गाणे पुढे नेले. आनंद आणि मिलिंद या भावांच्या भीमगीतांवर ठाणे जिल्ह्यातली निदान दोन पिढ्यांची जयंती नाचली आहे. आनंद शिंदे यांनी ऐंशीच्या दशकात पोपटाच्या गाण्याने कॅसेटचा बाजार हलवून सोडला आणि पुढे 'जत्रा' चित्रपटात वैशाली सामंत यांच्यासोबत कोंबडीचे गाणे गाऊन पार्श्वगायनातही जम बसवला. २०२० साली राज्यपालनियुक्त विधान परिषद सदस्यत्वासाठी तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने पाठवलेल्या बारा नावांत त्यांचे नाव होते. ती यादी राज्यपालांनी मंजूर केलीच नाही.

नातवंडांपैकी आदर्श शिंदे यांचा आवाज आजच्या मराठी सिनेमात सगळीकडे आहे. २०१३ च्या 'दुनियादारी'तले गाभाऱ्याचे गाणे त्यांच्या आवाजात आहे. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या बाबासाहेबांवरील मालिकेचे शीर्षकगीतही त्यांचेच. आजोबांसारखेच इथेही दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी चालतात. फरक आहे तो गायकाच्या जागेचा. आजोबांचे नाव कॅसेटच्या कव्हरवर छापले जाई आणि त्यांची जात लोक विसरून जात. नातू जयभीम म्हणून मंचावर येतो आणि त्याच मंचावर भक्तिगीतही गातो. ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी मान्य करावे लागते. हा बदल आम्ही लहान समजत नाही.

जे हरवत चालले आहे

आमच्या दृष्टीने खरी काळजी वेगळीच आहे. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये सुरक्षित आहेत, मोबाइलवर एका बोटावर मिळतात. रात्र रात्र चाललेल्या मुकाबल्यांत त्यांनी बुद्धावर, बाबासाहेबांवर जे गायले, त्यातले फार थोडे कंपन्यांनी रेकॉर्ड केले. बाकीचे मैदानातच विरले. त्यामुळे आणखी वीस वर्षांनी कुणी त्यांच्यावर संशोधन करायला बसला, तर त्याला फक्त भक्तिगीतांचा गायक सापडेल. तो निष्कर्ष पुराव्याला धरून असेल आणि तरीही चुकीचा असेल. विलास घोगरे यांची गाणी आणि त्यांच्या मरणामागची गोष्ट आज तरुणांना माहीत आहे, याचे एक मोठे कारण आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट आहे. ज्यांच्यावर कॅमेरा फिरला नाही, त्यांचे काय?

तरी सगळेच गेलेले नाही. कल्याण पूर्वेत एका घरी आम्हाला पत्र्याच्या पेटीत सव्वीस कॅसेट मिळाल्या. घरातल्या काकांनी तरुणपणी टेपरेकॉर्डर मंचाच्या कर्ण्याजवळ ठेवून कव्वाली भरून घेतली होती. आवाजात कुत्र्याचे भुंकणे आहे, लहान मुलाचे रडणे आहे, मध्येच बक्षीस देणाऱ्यांची नावे आहेत. कुठल्या कॅसेटवर कोण गातो हे लिहिलेले नाही. पाच कॅसेटना बुरशी लागली होती. काकांना वाटत होते की भंगारवाल्यानेही त्या नेल्या नाहीत, म्हणजे त्यांची किंमत शून्य.

अशा पेट्या अंबरनाथपासून मुंब्र्यापर्यंत असणार. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या चुकांमधून शिकलेले थोडे. कॅसेट मिळाली की लगेच लावून पाहू नका. बुरशी किंवा चिकटपणा दिसला तर जाणकाराला दाखवा, नाहीतर टेप तुटते. आमच्या दोन तुटल्या. वाजवायच्या आधी प्लेअरचे हेड स्पिरिटने पुसून घ्या. एकदाच वाजवा आणि त्याच वेळी वायर जोडून संगणकावर भरून घ्या. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेले रेकॉर्डिंग कामाचे नसते. कव्हर आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कंपनीच्या कॅसेटवर कंपनीचा हक्क असतो, त्या जतन करा पण इंटरनेटवर टाकू नका. घरगुती रेकॉर्डिंगबाबतही गायकाच्या कुटुंबाला विचारल्याशिवाय काही टाकू नका.

आणि कॅसेट देणाऱ्या माणसाला बसवून विचारा : कोणती वस्ती, कोणते साल, जयंती कुणाची, समोरची पार्टी कोणती, ढोलकीवर कोण, कवी कोण. ढोलकीवाल्यांची नावे सगळ्यात आधी विसरली जातात. आमच्या सव्वीसपैकी अकरा कॅसेटची वस्ती आणि साल काकांनी नुसते बक्षीस देणाऱ्यांचे आवाज आणि नावे ऐकून सांगितले. बाकी दहा अजून ओळखायच्या आहेत. त्यातल्या एकीवर पहाटेच्या सुमारास एक कव्वाल शांत लयीत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे गाणे गातो, कोरसची टाळी थांबलेली आहे. काका म्हणतात, आवाज प्रल्हाददादांचा. त्यांची बहीण म्हणते, नाही. कोळसेवाडीत त्या काळात कव्वाली ऐकलेल्या आणखी चार-पाच जणांना ती कॅसेट ऐकवायची आहे.